लंबॅगो, उसण, गृध्रसी: कंबरदुखीच्या शब्दांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंबॅगो म्हणजे नेमके काय?

कमरेचे दुखणे, एवढेच. बरगड्यांच्या खालच्या काठापासून कुल्ल्यांच्या खालच्या घडीपर्यंतचा पाठीचा जो भाग आहे, त्यात होणाऱ्या वेदनेला लंबॅगो म्हणतात. या शब्दातून दुखण्याचे ठिकाण कळते, कारण कळत नाही. स्नायू ताणला गेला असेल, मणक्यांमधली गादी फुगली असेल, सांधा आखडला असेल किंवा तपासणीत काहीच सापडले नसेल, तरी शब्द तोच राहतो. त्यामुळे जुन्या कागदावर ‘लंबॅगो’ लिहिलेले दिसले म्हणून एखादा खास रोग झाला आहे असे समजू नये आणि घाबरूनही जाऊ नये.

हा शब्द आला कुठून?

लॅटिनमधून. ‘लुंबुस’ म्हणजे कमरेचा भाग, आणि त्यापासून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘लुंबागो’ झाला. रोमन काळातल्या एका शब्दकोशाच्या संक्षेपात त्याचा अर्थ ‘कमरेतला दोष आणि अशक्तपणा’ असा दिला आहे. म्हणजे तेव्हाही त्यात वेदनेइतकाच कमकुवतपणाचा भाव होता. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीस रुळला आणि तिथून आपल्याकडच्या दवाखान्यांत पोहोचला. कमरेच्या पाच मणक्यांना ‘लंबर’ म्हणतात, तेही याच ‘लुंबुस’वरून. एमआरआयच्या कागदावर एल-१ ते एल-५ असे लिहिलेले असते, त्यातला ‘एल’ हाच.

शब्दाच्या शेवटी असलेल्या ‘-आगो’चा काही अर्थ आहे का?

‘-आगो’, ‘-ईगो’ हे लॅटिन प्रत्यय आहेत आणि ते दोष किंवा विकार दाखवणाऱ्या पुष्कळ शब्दांत येतात. व्हर्टिगो म्हणजे भोवळ, व्हिटिलिगो म्हणजे कोड आणि इंपेटिगो हा त्वचेचा संसर्ग, ही सगळी याच घडणीची नावे. मात्र प्रत्यय सारखा दिसला की रोगच असेल असे नाही. चित्रक या वनस्पतीचे शास्त्रीय नाव प्लंबॅगो आहे. ते ‘प्लुंबुम’ म्हणजे शिसे या शब्दावरून आले असून त्याचा कमरेशी संबंध नाही. नाव जवळचे वाटते म्हणून चित्रकमूळ कंबरदुखीवर चोळू नये. चित्रकाच्या मुळाने कातडीवर फोड येतात.

‘लंबॅगो’ आणि ‘लांब’ किंवा ‘लंब’ यांचे नाते आहे का?

नाही. ‘लांब’ संस्कृत ‘लम्ब’पासून आला आणि त्यात लोंबण्याचा अर्थ आहे. कमरपट्ट्याच्या पावतीवर कधी कधी ‘लंबर’ऐवजी लाकडासाठी असलेल्या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग येते, ती निव्वळ छपाईची चूक असते.

आजकाल डॉक्टर लंबॅगो का लिहीत नाहीत?

कारण त्यातून फारसे काही कळत नाही. आपल्याकडे बाह्यरुग्ण विभागाच्या कागदावर बहुतेक वेळा ‘एलबीए’ असते, म्हणजे ‘खालच्या पाठीचे दुखणे’ याचे इंग्रजी आद्याक्षरांतले रूप. आशय तोच, पण साध्या भाषेत. जुना शब्द पूर्ण नाहीसा झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत एम ५४.४ या क्रमांकाखाली ‘सायटिकासह लंबॅगो’ अशी नोंद आहे आणि एम ५४.५ मध्ये साध्या कंबरदुखीची. विम्याच्या कागदांवर हे क्रमांक दिसतात, तेव्हा ते ओळखता यावेत.

शब्द मागे पडण्याचे दुसरे कारण असे की त्याच्या पोटातून एकेक कारण वेगळे निघत गेले. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार या शल्यचिकित्सकांनी मणक्यांमधली गादी फाटून शीर (मज्जातंतू) दाबली जाते हे दाखवून दिले. त्यानंतर पायात जाणाऱ्या कळेला स्वतंत्र कारण आणि स्वतंत्र उपचार मिळाले. तरीही कंबरदुखीच्या दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत एकच एक नेमके कारण दाखवता येत नाही. अशा दुखण्याला ‘अविशिष्ट’ कंबरदुखी म्हणतात.

‘कंबर’ हा शब्द मूळ मराठी आहे का?

तो फारसी ‘कमर’वरून आला. मराठीत आल्यावर ‘म’ आणि ‘र’ यांच्या मध्ये ‘ब’ शिरला. आम्रचा आंबा आणि ताम्रचे तांबे होताना जी उच्चाराची ओढ दिसते, तीच इथेही आहे. गंमत अशी की विभक्ती लावली की हा ‘ब’ पुष्कळदा गळतो आणि जुने रूप पुन्हा वर येते: कंबर दुखते, पण कमरेत कळ येते आणि कमरेला पट्टा बांधतात. ‘कंबरेत’ असेही लोक बोलतात, ते चूक धरण्याचे कारण नाही.

त्याआधीचा आपला शब्द ‘कटी’. विठ्ठलाचे हात कटीवर असतात, माणूस कामाला कटिबद्ध होतो आणि वैद्यांच्या भाषेत कटिशूल होतो. रोजच्या बोलण्यातून मात्र कंबरेने कटीला हटवले.

उसण, चमक, लचक, कळ, ठणका: हे सगळे एकच का?

मुळीच नाही. मराठी इथे फार नेमकी आहे आणि हा नेमकेपणा दवाखान्यात उपयोगी पडतो. दुर्दैवाने डॉक्टरांसमोर बसल्यावर पुष्कळ जण हे सगळे शब्द टाकून नुसते ‘पेन होतंय’ म्हणतात आणि निम्मी माहिती तिथेच हरवते.

*उसण* भरते. बादली उचलताना, शिंकताना, अंथरुणातून उठताना अचानक पाठ किंवा कंबर धरली जाते आणि माणूस आहे त्याच स्थितीत अडकतो. श्वास घेतला तरी टोचते. यात स्नायू आकसून घट्ट होतात. मूळ दुखापत लहान असू शकते, पण शरीर तो भाग हलू नये म्हणून भोवतालचे सगळे स्नायू आवळून धरते. उसण मानेत आणि बरगड्यांच्या बाजूलाही भरते, त्यामुळे ती नेमकी कुठे भरली हे वेगळे सांगावे लागते.

*चमक* निघते किंवा मारते. ती क्षणाची असते आणि वीज चमकावी तशी येऊन जाते. चमक कमरेतच राहिली तर फारशी चिंता नाही. ती कुल्ल्यातून मांडीमागे, गुडघ्याच्या खाली, पावलापर्यंत गेली तर शिरेशी संबंध असण्याची शक्यता वाढते.

*लचक* भरते तेव्हा पीळ पडलेला असतो. वाकडे वळून वजन उचलणे, पाय घसरताना स्वतःला सावरणे अशी हालचाल आठवते. दुखरी जागा बोटाने दाखवता येते आणि तिथे दाबले की दुखते.

*कळ* सलग किंवा लाटांनी येते. *ठणका* मात्र ठोके पडल्यासारखा असतो आणि पडून राहिले तरी थांबत नाही. कमरेत रात्री ठणका लागत असेल आणि कुठल्याच कुशीवर आराम पडत नसेल, तर ते साधे स्नायूचे दुखणे समजून घरी बसू नये.

*अवघडणे* हे सर्वांत सौम्य. एसटीत चार तास बसून उतरल्यावर कंबर अवघडते आणि चार पावले चालले की सुटते.

पायाळू माणसाने लाथ मारली की उसण जाते, हे खरे का?

पायाकडून जन्मलेल्या व्यक्तीचा पाय पाठीला लावला की उसण उतरते, ही समजूत महाराष्ट्रात सर्वदूर आहे. उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपली आपण सैल होते, म्हणून त्या दरम्यान केलेल्या कुठल्याही उपायाला श्रेय मिळते. पाय नुसता टेकवला तर बिघडत काही नाही. जोराने लाथ मारणे किंवा पाठीवर उभे राहणे मात्र करू देऊ नये. पाळी गेलेल्या बायका, साठीच्या पुढची माणसे आणि दम्यासाठी किंवा संधिवातासाठी बराच काळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेतलेले रुग्ण यांची हाडे ठिसूळ असू शकतात. तेवढ्या दाबाने मणका दबून मोडू शकतो.

बाहेरून काहीतरी लागले, ही कल्पना इतर भाषांतही आहे का?

आहे, आणि कितीतरी ठिकाणी. जर्मनमध्ये अचानक धरलेल्या कमरेला ‘हेक्सेनशूस’ म्हणतात, म्हणजे चेटकिणीने मारलेला बाण. इटालियनमध्ये तो ‘चेटकिणीचा तडाखा’ होतो, फिनिशमध्ये ‘चेटकिणीचा बाण’. रशियन ‘प्रस्त्रेल’मध्ये चेटकीण नाही, पण आरपार गेलेला नेम आहे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वीच्या एका जुन्या इंग्रजी मंत्रात अचानक टोचणाऱ्या वेदनेवर चेटकिणींचा बाण उतरवण्याचा तोडगा दिला आहे. जपानी लोक मात्र बाण मारणाऱ्याच्या शोधात जात नाहीत. त्यांच्या ‘गिक्कुरी-गोशी’त फक्त दचकवणारी अचानकता आणि कंबर आहे.

अचानक धरलेल्या कमरेला फ्रेंचमध्ये ‘तूर द रँ’ म्हणतात, त्यातला ‘रँ’ म्हणजे मूत्रपिंडे. कंबर आणि मूत्रपिंड यांची गल्लत किती जुनी आहे ते त्यात दिसते. तिच्याबद्दल पुढे स्वतंत्र प्रश्न आहे.

गृध्रसी आणि सायटिका एकच का?

वर्णन पुष्कळ जुळते. चरकसंहितेत वाताच्या ८० विकारांमध्ये गृध्रसी आहे आणि चिकित्सास्थानात तिचा मार्ग दिला आहे: कुल्ल्यापासून सुरू होऊन कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल अशी क्रमाने जाणारी, ताठरपणा, वेदना आणि टोचणी असलेली. गृध्र म्हणजे गिधाड. नावाची दोन स्पष्टीकरणे दिली जातात: रुग्ण गिधाडासारखा पाय टाकत चालतो हे एक, आणि गिधाडाने लचके तोडावेत तशी वेदना होते हे दुसरे.

सायटिका हा शब्द ग्रीक ‘इस्खिऑन’ म्हणजे खुबा यावरून लॅटिनमार्गे आला. म्हणून जुन्या काळी खुब्याच्या कुठल्याही दुखण्याला सायटिका म्हणत. १७६४ मध्ये नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी शिरेचे दुखणे सांध्याच्या दुखण्यापासून वेगळे काढले. आज सायटिका म्हणजे कमरेच्या खालच्या आणि त्रिकास्थीच्या (कमरेच्या मणक्यांखालच्या हाडाच्या) वरच्या मज्जामुळांना, म्हणजे कण्यातून निघणाऱ्या शिरांच्या मुळांना, त्रास झाल्यामुळे पायात उतरणारी वेदना. पायात कळ नसेल तर तिला सायटिका म्हणू नये, आणि नुसत्या कंबरदुखीला गृध्रसी म्हणणेही चूकच.

घरी पाहता येण्यासारखी एक खूण आहे. उताणे झोपून, गुडघा न वाकवता, दुसऱ्या कुणीतरी पाय हळूहळू वर उचलायचा. ३० ते ७० अंशांच्या दरम्यान पायातली तीच ओळखीची कळ गुडघ्याखाली उठली, तर शीर दाबली गेल्याचा संशय घेतात. नुसता मांडीमागचा स्नायू ताणल्यासारखा वाटला तर ती खूण धरत नाहीत. कळ आली की तिथेच थांबावे, पाय आणखी रेटू नये.

कटिग्रह, त्रिकग्रह आणि कटिबस्ती म्हणजे काय?

‘ग्रह’ म्हणजे धरणे. कंबर धरली असे आपण म्हणतो, तेच. त्रिक म्हणजे कमरेच्या मणक्यांखालचा, दोन कुल्ल्यांमधला भाग, ज्याच्या हाडाला त्रिकास्थी म्हणतात.

कटिबस्तीतली ‘बस्ती’ गुदमार्गे देतात ती नव्हे. उडदाच्या पिठाचे घट्ट मळलेले कडे, साधारण दोन इंच उंचीचे, कमरेवर बसवून त्यात कोमट तेल ओततात. ते निवत आले की काढून पुन्हा कोमट तेल घालतात. हे अर्धा तास चालते. बिघडते ते दोन ठिकाणी: पीठ सैल मळले तर तळातून तेल झिरपते, आणि तेल हाताच्या मागच्या बाजूवर न तपासता घातले तर भाजते. मधुमेहामुळे किंवा शीर दबल्यामुळे त्वचेची संवेदना कमी झालेल्या माणसाला भाजल्याचे कळतही नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत दुप्पट काळजी हवी.

‘मणक्यात गॅप आलाय’ म्हणजे काय झाले आहे?

सर्वांत जास्त गैरसमज असलेला हा शब्दप्रयोग. ऐकणाऱ्याला वाटते की दोन मणके एकमेकांपासून दूर गेले आणि मध्ये फट पडली. प्रत्यक्षात उलटे घडते. दोन मणक्यांमध्ये गादीमुळे ठरावीक अंतर असते. गादीतले पाणी वयानुसार कमी झाले की तिची उंची घटते आणि एक्स-रेमध्ये अंतर *कमी* दिसते. डॉक्टर म्हणतात ‘गॅप कमी झाला’, घरी येईपर्यंत त्याचा ‘गॅप आला’ होतो. मग फट ‘भरण्यासाठी’ औषधे विकणारे भेटतात. गादीची घटलेली उंची कुठल्याही गोळीने किंवा तेलाने वाढत नाही. तशी गरजही नसते, कारण वेदना उंचीवर अवलंबून नसते.

‘गादी सरकली’ हेही शब्दशः खरे नाही. गादी वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. तिचे बाहेरचे कडे फुगते किंवा चिरते आणि आतला मऊ गर बाहेर येतो. त्यामुळे ‘सरकलेली गादी बसवून देतो’ असे सांगून कमरेला झटका देणाऱ्यांपासून दूर राहावे.

एमआरआय वाचतानाही भान हवे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, *काहीही दुखत नसलेल्या* लोकांच्या चित्रांत गादीची झीज वयाच्या विशीत ३७ टक्क्यांना आणि ऐंशीत ९६ टक्क्यांना दिसली. अहवालातला प्रत्येक शब्द म्हणजे दुखण्याचे कारण असे समजू नये.

स्पॉन्डिलोसिस, स्पॉन्डिलायटिस, लिस्थेसिस: फरक काय?

तिन्हींत ग्रीक ‘स्पाँडिलॉस’ म्हणजे मणका. ‘-ओसिस’ झीज सांगतो, ‘-आयटिस’ दाह सांगतो आणि ‘लिस्थेसिस’ म्हणजे एक मणका दुसऱ्यावरून घसरणे. बोलताना सगळ्यालाच ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणायची पद्धत पडली आहे, त्यात खरा दाहाचा आजार झाकला जातो. वय ४५च्या आत, तीन महिन्यांहून जास्त काळ दुखणे, सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडलेपण, पडून राहिल्यावर वाढ आणि हालचालीने आराम, उत्तररात्री जाग येणे, अशी खूण असेल तर संधिवाततज्ज्ञांकडे जावे. झिजेत चित्र साधारण उलटे असते: कामाने दुखते, विश्रांतीने थांबते.

माकडहाड दुखते, ते कंबरदुखीतच धरायचे का?

वेगळे सांगावे. पडल्यावर किंवा कठीण जागी बसल्यावर कण्याचे अगदी टोक दुखते ते माकडहाड. आपण त्याला माकडाचे नाव दिले, ग्रीकांनी कोकिळेचे: ‘कॉक्सिक्स’ हे कोकिळेच्या चोचीच्या आकारावरून पडलेले नाव.

दुखणे कमरेचे की मुतखड्याचे, हे कसे ओळखायचे?

माणूस कसा वागतो ते पाहा. उसण भरलेला माणूस हलायला तयार नसतो, एका स्थितीत गोठून बसतो. मुतखड्याची कळ आलेला एका जागी राहूच शकत नाही, उठतो, बसतो, येरझारा घालतो. खड्याची कळ एका बाजूला, बरगडीच्या खाली पाठीत सुरू होऊन पोटाच्या बाजूने जांघेकडे उतरते, लाटांनी येते आणि तिच्यासोबत मळमळ किंवा लालसर लघवी असते. वाकल्याने वा वळल्याने तिच्यात फरक पडत नाही. थंडी वाजून ताप असेल तर मूत्रपिंडाचा संसर्ग असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

कुठल्या वेळी थांबायचे नाही?

लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधिर झाला, दोन्ही पायांतली ताकद कमी झाली, यांपैकी एक जरी झाले तरी काही तासांत मोठे रुग्णालय गाठावे. कण्याच्या तळाशी असलेला शिरांचा जुडगा दाबला गेल्याची ही लक्षणे आहेत आणि उशीर झाला तर गेलेला ताबा परत येईलच असे नाही.

संध्याकाळचा ताप, घटते वजन, रात्रीचा घाम असेल तर मणक्याचा क्षय तपासलाच पाहिजे. पूर्वी कर्करोग झालेला असणे, उंचावरून पडणे, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच उठलेले दुखणे, पाऊल वर उचलता न येणे, चपला पायातून निसटणे, या गोष्टीही घरगुती उपायांच्या नाहीत.

उसण भरल्यावर पहिले दोन-तीन दिवस काय करावे?

एक-दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरुणात राहू नये. जास्त झोपल्याने स्नायू आणखी आखडतात. दर दोन-तीन तासांनी घरातल्या घरात पाच-दहा मिनिटे चालावे, दुखत असले तरी सोसवेल तेवढे.

उठताना सरळ उठून बसू नये. आधी दोन्ही गुडघे दुमडावे, खांदे आणि कंबर एकसंध ठेवून कुशीवर वळावे, पाय पलंगाखाली सोडावे आणि त्याच वेळी हाताच्या कोपराने स्वतःला वर ढकलावे. जमिनीवर गादी घालून झोपत असाल तर काही दिवस पलंगावर झोपा. कुशीवर झोपताना गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्यावी, उताणे झोपताना गुडघ्यांखाली.

शेक १५ ते २० मिनिटे, पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून. शिंक येते आहे असे वाटले तर गुडघे किंचित वाकवून एक हात भिंतीला टेकवावा, पुढे झुकू नये. सकाळी उठल्यावर पहिला तासभर वाकण्याची कामे टाळावी. रात्रभर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि वाकताना त्यांच्यावर ताण जास्त येतो. लादी पुसणे, हंडा उचलणे ही कामे दुसऱ्याने करावी. घरगुती गॅसची भरलेली टाकी ३० किलोच्या आसपास भरते, ती बरे झाल्यावरसुद्धा उचलण्याऐवजी काठावर तिरपी करून फिरवत न्यावी.

कमरपट्टा प्रवासापुरता ठीक, दिवसभर नको. दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार किंवा जठरव्रण असणाऱ्यांना त्यांतल्या काही अपाय करू शकतात.

डॉक्टरांना कसे सांगावे?

आपल्याच शब्दांत, पण या क्रमाने: कुठे (बोटाने दाखवून), कसे (उसण, चमक, कळ, ठणका), कधीपासून आणि काय करताना, पायात उतरते का आणि गुडघ्याच्या वर की खाली, कशाने वाढते, कशाने थांबते. उदाहरणार्थ: “परवा बादली उचलताना कमरेत उसण भरली. कालपासून डाव्या पायात चमक मारते, पोटरीच्या बाहेरून अंगठ्यापर्यंत जाते. बसले की वाढते, चालले की कमी होते. लघवी व्यवस्थित आहे.” एवढ्यावरून कुठल्या मज्जामुळाची तपासणी आधी करायची ते डॉक्टरांना कळते. अंगठ्याकडे जाणारी चमक बहुधा एल-५ची असते, करंगळीकडे जाणारी एस-१ची, म्हणजे त्रिकास्थीतल्या पहिल्या मज्जामुळाची.